नव्या संगणकावर चिन्हांचे फॉन्ट सापडत नाहीत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संगणक बदलला, जुन्या फायली नव्यावर आणल्या आणि बरोबरच्या खुणा, बाण, बुलेट किंवा गणिती चिन्हे गायब झाली, अशी विचारणा सतत होत असते. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. पहिले तीन प्रश्न सर्वांनी वाचावेत. त्यापुढे आपापल्या अडचणीनुसार थेट हव्या त्या प्रश्नाकडे गेले तरी चालेल.

१. फाइल उघडली तर खुणांच्या जागी रिकामे चौकोन किंवा भलतीच अक्षरे दिसतात. माझी फाइल खराब झाली आहे का?

बहुधा नाही. विंगडिंग्ज, वेबडिंग्ज, सिम्बॉल यांसारख्या जुन्या घडणीच्या फॉन्टमध्ये चिन्हाला स्वतःचा असा वेगळा संकेतांक नसतो. इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर चित्रे बसवलेली असतात. विंगडिंग्जमध्ये कॅपिटल ‘जे’च्या जागी हसरा चेहरा आहे आणि डोक्यावर दोन टिंबे असलेल्या छोट्या ‘यू’च्या जागी बरोबरची खूण आहे. फाइलमध्ये चित्र साठवलेले नसते. ‘अमुक क्रमांकाचे अक्षर, तमुक फॉन्टमध्ये दाखवावे’ एवढीच नोंद तिच्यात असते, आणि तो फॉन्ट नव्या संगणकावर नसेल तर प्रोग्रॅम दुसरा एखादा फॉन्ट वापरून मोकळा होतो.

चौकोन दिसणे आणि अक्षर दिसणे यांत मात्र फरक आहे. चिन्ह साधे अक्षर म्हणून नोंदलेले असेल, तर फॉन्ट नसताना ते अक्षर दिसते. वर्डसारखे प्रोग्रॅम अनेकदा ते युनिकोडमधील (जगभरच्या लिप्यांतील अक्षरांना आणि चिन्हांना स्वतंत्र संकेतांक देणाऱ्या प्रमाण यादीतील) खासगी वापराच्या विभागात, यू+एफ०२० ते यू+एफ०एफएफ या पट्ट्यात नोंदवतात. या पट्ट्यासाठी इतर फॉन्टमध्ये आकृतीच नसल्यामुळे तेथे चौकोन उमटतो. दोन्ही प्रकारांत मूळ माहिती शाबूत असते.

२. दुरुस्तीला लागण्यापूर्वी काय टाळावे?

सगळा मजकूर निवडून त्याला एकच फॉन्ट लावणे कटाक्षाने टाळावे. बिघडलेले पान नीट दिसावे म्हणून बहुतेक जण नेमके हेच करतात आणि नुकसान तेथेच होते. हे अक्षर विंगडिंग्जमधले आहे, ही नोंद त्या एका कृतीने पुसली जाते. मग उरलेला ‘जे’ हा खरोखर ‘जे’ आहे की हसरा चेहरा, हे सांगायला फाइलमध्ये काहीच राहत नाही. तसेच फाइल दुसऱ्या स्वरूपात सेव्ह करू नये, आणि विशेषतः साध्या मजकुराच्या स्वरूपात तर मुळीच करू नये. आधी मूळ फाइलची प्रत काढून बाजूला ठेवावी आणि जे प्रयोग करायचे ते दुसऱ्या प्रतीवर करावेत.

३. नेमका कोणता फॉन्ट नाही, हे कसे कळेल?

वर्डमध्ये त्या अक्षरावर कर्सर ठेवल्यास वरच्या फॉन्टच्या चौकटीत मूळ फॉन्टचे नाव दिसते, तो फॉन्ट संगणकावर नसला तरीही. संपूर्ण फाइलची यादी हवी असल्यास फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड या मार्गाने जाऊन ‘फॉन्ट सब्स्टिट्यूशन’ हे बटण दाबावे. कोणता फॉन्ट नाही आणि त्याच्या जागी कोणता वापरला जात आहे, हे तेथे समोरासमोर दिसते. लिबरऑफिस या मोफत ऑफिस प्रोग्रॅममध्ये गैरहजर फॉन्टचे नाव चौकटीत तिरप्या अक्षरांत येते. पीडीएफच्या बाबतीत प्रॉपर्टीजमधील फॉन्टची यादी पाहावी.

वर्डमध्ये एक अपवाद आहे. ‘इन्सर्ट सिम्बॉल’ या खिडकीतून घातलेली चिन्हे वर्ड संरक्षित ठेवतो, आणि फॉन्टच्या चौकटीत त्यांच्या आजूबाजूच्या मजकुराचाच फॉन्ट दाखवतो. अशा वेळी ते चिन्ह निवडून तीच खिडकी पुन्हा उघडावी. मूळ फॉन्ट आणि संकेतांक दोन्ही तेथे निवडलेले दिसतात.

४. जुन्या आणि नव्या दोन्ही संगणकांवर विंडोजच आहे. मग फॉन्ट गेला कुठे?

बहुतेक वेळा तो विंडोजचा नव्हताच. विंगडिंग्ज, वेबडिंग्ज आणि सिम्बॉल हे फॉन्ट विंडोजबरोबर येतात. विंगडिंग्ज २, विंगडिंग्ज ३ आणि एमटी एक्स्ट्रा हे मात्र मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर येत आले आहेत. नव्या संगणकावर ऑफिस नसेल, किंवा त्याऐवजी दुसरा प्रोग्रॅम वापरात असेल, तर हे फॉन्ट आपोआप येत नाहीत. नकाशे, संगीतलेखन, बुद्धिबळ, विद्युत आराखडे यांचे प्रोग्रॅमही आपापले चिन्हफॉन्ट बरोबर आणतात, आणि तो प्रोग्रॅम पुन्हा इन्स्टॉल केल्याशिवाय ते फॉन्ट मिळत नाहीत.

विंडोज १० पासून काही फॉन्ट ऐच्छिक घटकांत गेले आहेत, हेही लक्षात घ्यावे. मंगल, कोकिळा, अपराजिता हे देवनागरी फॉन्ट त्यांतलेच. सेटिंग्जमधील ‘ऑप्शनल फीचर्स’मधून देवनागरीचे पूरक फॉन्ट घेतले की ते परत मिळतात.

५. जुना संगणक अजून चालू आहे. त्यावरून फॉन्ट कसे आणावेत?

विंडोजमध्ये दोन ठिकाणी पाहावे लागते. पहिले ठिकाण सर्वांना माहीत असते : विंडोजच्या फोल्डरमधील ‘फॉन्ट्स’ हे फोल्डर. दुसरे बहुतेकांच्या नजरेतून सुटते. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून फॉन्ट फक्त एका वापरकर्त्यापुरता इन्स्टॉल करता येतो, आणि असा फॉन्ट त्या वापरकर्त्याच्या ‘अ‍ॅपडेटा’ फोल्डरमध्ये, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स अशा खोलवरच्या जागी ठेवला जातो. ‘अ‍ॅपडेटा’ हे फोल्डर एरवी लपलेले असते. साहजिकच हाताने फायली हलवणाऱ्यांकडून ते मागे राहते.

मॅकवर संपूर्ण संगणकाच्या आणि स्वतःच्या अशा दोन्ही ‘लायब्ररी’ फोल्डरांत ‘फॉन्ट्स’ असते. लिनक्सवर स्वतःचे फॉन्ट बहुधा होम फोल्डरमधील लपलेल्या ‘लोकल’ फोल्डरात, ‘शेअर’च्या आत सापडतात.

फायली नव्या संगणकावर आणल्यावर त्यांवर उजवे क्लिक करून ‘सर्व वापरकर्त्यांसाठी इन्स्टॉल’ हा पर्याय निवडावा. जुन्या फोल्डरमधील सगळेच फॉन्ट उचलून नव्यावर ओतू नयेत. नव्या प्रणालीतील फॉन्टच्या जागी त्यांच्याच जुन्या आवृत्त्या बसल्या, तर एक अडचण सोडवताना दुसरी उभी राहते. प्रश्न ३ प्रमाणे यादी काढावी आणि तेवढेच आणावेत. फॉन्टलाही परवाना असतो, त्यामुळे तो दुसऱ्या संगणकावर, विशेषतः वेगळ्या प्रणालीवर, नेण्याची मुभा आहे का, हे आधी पाहून घ्यावे.

६. फॉन्ट इन्स्टॉल केला, तरीही चिन्ह दिसत नाही. आता?

आधी तो प्रोग्रॅम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा, कारण अनेक प्रोग्रॅम फॉन्टची यादी फक्त सुरुवातीलाच वाचतात. तेवढ्याने भागले नाही तर फॉन्ट एकाच वापरकर्त्यापुरता इन्स्टॉल झाला आहे का, ते पाहावे. काही जुने प्रोग्रॅम असे फॉन्ट ओळखत नाहीत. त्यानंतर नाव तपासावे. प्रोग्रॅम फॉन्टला फायलीच्या नावाने ओळखत नाही, फॉन्टच्या आत नोंदलेल्या नावाने ओळखतो, आणि ‘विंगडिंग्ज’ व ‘विंगडिंग्ज २’ हे त्याच्या लेखी दोन पूर्णपणे वेगळे फॉन्ट आहेत. विंडोज वापरकर्त्याच्या भाषेबाहेरचे फॉन्ट यादीतून लपवू शकते, तेही फॉन्टच्या सेटिंग्जमध्ये पाहून घ्यावे. लिनक्सवर ‘एफसी-कॅश’ ही आज्ञा चालवावी. फॉन्टची फाइल फारच जुनी असेल तर प्रश्न १६ पाहावा.

७. जुना संगणक बंद पडला आहे आणि फॉन्टचे नावही ठाऊक नाही. चौकोन-अक्षरांवरून मूळ चिन्ह ओळखता येईल का?

नेहमीच्या चिन्हांच्या बाबतीत येते. वर्डची ठरावीक बुलेट-यादी हे त्याचे चांगले उदाहरण आहे. पहिल्या पातळीचा ठिपका सिम्बॉल फॉन्टमधला, दुसऱ्या पातळीचे पोकळ वर्तुळ म्हणजे कुरिअर न्यू फॉन्टमधला निव्वळ छोटा ‘ओ’, आणि तिसऱ्या पातळीचा भरीव चौकोन विंगडिंग्जमधला. ही यादी साध्या मजकुरात गेली की ‘·’, ‘ओ’ आणि ‘§’ अशी विचित्र त्रयी दिसते. दुसरी पातळी प्रत्येक ठिकाणी टिकते, कारण ती मुळात चिन्ह नाहीच. तेव्हा ओळीच्या सुरुवातीला ‘§’ दिसले, तर तेथे बुलेट होती असे बिनधास्त धरावे.

विंगडिंग्जमधील आणखी काही नेहमीच्या जागा अशा : तिरकी रेघ मारलेला कॅपिटल ‘ओ’ म्हणजे ➢ असा बाण, डावीकडून उतरता आघात असलेला छोटा ‘ए’ म्हणजे उजवीकडचा बाण, छोटा ‘व्ही’ म्हणजे ❖, छोटा ‘क्यू’ म्हणजे सावलीचा पोकळ चौकोन आणि छोटा ‘एन’ म्हणजे भरीव चौकोन. कॅपिटल ‘एल’ हा उदास चेहरा. विंगडिंग्ज २ मध्ये कॅपिटल ‘पी’ ही बरोबरची खूण आणि कॅपिटल ‘ओ’ ही फुली. वेबडिंग्जमध्ये तेच काम छोटा ‘ए’ आणि छोटा ‘आर’ करतात.

ग्रीक अक्षरांच्या जागी मजकुरात मधेच एकेकटी इंग्रजी अक्षरे दिसत असतील (आल्फाच्या जागी ‘ए’, बीटाच्या जागी ‘बी’), तर दोष सिम्बॉल फॉन्टचा आहे. यात विशेष दक्षता हवी, कारण चौकोन लगेच डोळ्यांत भरतो, पण मायक्रोऐवजी आलेला ‘एम’ मिली म्हणून वाचला जातो आणि मात्रा हजारपटीने बदलते.

८. पुन्हा कधी हा त्रास होऊ नये, म्हणून काय करता येईल?

जुन्या फॉन्टमधील चिन्हांच्या जागी युनिकोडमधील खरी चिन्हे घालावीत. विंगडिंग्ज आणि वेबडिंग्जमधील चिन्हांची बरीच मोठी संख्या २०१४ मध्ये आलेल्या युनिकोड ७.० मध्ये समाविष्ट झाली, आणि बरोबरची खूण, बाण, हसरा चेहरा यांसारखी नेहमीची चिन्हे तर त्याच्या कितीतरी आधीपासून युनिकोडमध्ये आहेत. खऱ्या चिन्हाला स्वतःचा संकेतांक असल्याने एखादा फॉन्ट नसला, तरी संगणक ते दुसऱ्या फॉन्टमधून आणून दाखवतो.

वर्डमध्ये २७१३ हा आकडा इंग्रजी अंकांत टाइप करून लगेच ऑल्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबल्या की ✓ उमटते. त्याच पद्धतीने २६११ ने ☑, २६१० ने ☐, २१९२ ने → मिळते. फाइलभर बदल करायचा असल्यास ‘फाइंड अँड रिप्लेस’मध्ये शोधायच्या अक्षराला विंगडिंग्ज फॉन्टची अट लावावी, म्हणजे साधे ‘जे’ जागच्या जागी राहतात. प्रश्न ३ मध्ये सांगितलेली संरक्षित चिन्हे या शोधात सापडत नाहीत. ती वेगळी हाताळावी लागतात. फायली मोजक्या असतील तर हा खटाटोप जरूर करावा. शेकडो जुन्या फायली फक्त वाचायलाच लागत असतील, तर फॉन्ट इन्स्टॉल करून मोकळे व्हावे.

९. एक्सेलमध्ये टिकच्या रकान्यात सगळीकडे ‘पी’ आणि ‘ओ’ दिसतात. ते बदलून टाकू का?

थांबावे. आधी त्या रकान्यावर कोणती सूत्रे अवलंबून आहेत, ते पाहावे. असा रकाना विंगडिंग्ज २ मध्ये भरलेला असतो, आणि टिक मोजणारे ‘काउंटइफ’ हे सूत्र प्रत्यक्षात ‘पी’ मोजत असते. म्हणूनच चित्र बिघडूनही बेरीज बरोबर येत राहते. ‘पी’च्या जागी ✓ घातले की पान सुंदर दिसेल आणि बेरीज शून्य येईल. बदल करायचाच असेल तर सूत्रे आणि रकाना एकाच बैठकीत बदलावेत, ‘संपूर्ण सेल जुळला तरच’ ही अट लावावी, नाहीतर नावांतले ‘पी’सुद्धा टिक होतील. सूत्रातून चिन्ह आणायचे असल्यास एक्सेल २०१३ पासून ‘युनिचार’ हे फंक्शन आहे. त्याला १०००३ दिले की ✓ मिळते.

१०. जुन्या समीकरणांतली चिन्हे बिघडली आहेत आणि समीकरण उघडतही नाही. हेही फॉन्टमुळेच का?

येथे दोन कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. जुन्या ‘इक्वेशन एडिटर ३.०’मध्ये लिहिलेले समीकरण वर्डमध्ये वस्तू म्हणून बसवलेले असते आणि त्याबरोबर पाहण्यापुरते एक चित्र असते. ते चित्र सिम्बॉल आणि एमटी एक्स्ट्रा या फॉन्टवर विसंबून असते. एमटी एक्स्ट्रा नसेल तर तिरप्या व उभ्या ठिपक्यांच्या रांगा किंवा रेघ मारलेला ‘एच’ यांच्या जागी भलतेच काही दिसते. एवढा भाग फॉन्ट मिळाल्यावर सुधारतो.

समीकरण उघडत नाही, त्याचे कारण मात्र वेगळे आहे. सुरक्षेच्या त्रुटींमुळे मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८ च्या अपडेटमध्ये तो एडिटर ऑफिसमधून काढूनच टाकला. त्यामुळे फॉन्ट आणूनही समीकरण संपादित करता येणार नाही. ऑफिसच्या नव्या आवृत्त्या अशी समीकरणे आपल्या स्वरूपात बदलून देतात, आणि मॅथटाइप हा प्रोग्रॅमही ती उघडतो. बदलल्यावर प्रत्येक समीकरण मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावे.

११. नव्या संगणकावर लिनक्स आणि लिबरऑफिस आहे. विंगडिंग्ज कायदेशीर मार्गाने मिळेल का?

लिबरऑफिसबरोबर ओपनसिम्बॉल हा फॉन्ट येतो आणि विंगडिंग्जमधील बऱ्याच नेहमीच्या बुलेट त्यातून दाखवल्या जातात, त्यामुळे अनेकांना काही करावेच लागत नाही. मायक्रोसॉफ्टचे म्हणून जे जुने फॉन्ट लिनक्सवर पॅकेजमधून इन्स्टॉल करता येतात, त्यांत वेबडिंग्ज आहे, विंगडिंग्ज नाही. पॅकेज घातल्यावरही चौकोन का राहिले, या प्रश्नाचे उत्तर बहुधा एवढेच असते. युनिकोड चिन्हांसाठी नोटो सॅन्स सिम्बॉल्स, नोटो सॅन्स सिम्बॉल्स २ आणि डेजाव्हू सॅन्स हे मोफत फॉन्ट पुरेसे आहेत. पण ते विंगडिंग्जमधील ‘जे’चा चेहरा करत नाहीत. त्यासाठी प्रश्न ८ मधील बदल करावाच लागतो.

१२. काही ईमेलमध्ये वाक्याच्या शेवटी विनाकारण कॅपिटल ‘जे’ का दिसतो?

पाठवणाऱ्याने कोलन आणि कंस टाइप केला, त्याच्या प्रोग्रॅमने त्याचा विंगडिंग्जमधील हसरा चेहरा केला आणि तुमच्या प्रोग्रॅमने तो फॉन्ट मानला नाही. ‘जे’ हसरा समजावा.

१३. संकेतस्थळांवरची बटणे चौकोन होऊन बसली आहेत. त्यासाठी कोणता फॉन्ट इन्स्टॉल करू?

कोणताच नाही. संकेतस्थळे आपले चिन्हफॉन्ट पानाबरोबर पाठवतात, आणि ते अडवले गेले की चौकोन, किंवा चित्राऐवजी त्याचे इंग्रजी नाव दिसते. फायरफॉक्समध्ये पानांना स्वतःचे फॉन्ट वापरू देण्याचा पर्याय बंद आहे का, आणि जाहिराती रोखणाऱ्या एक्स्टेन्शनमध्ये दूरचे फॉन्ट रोखण्याची सोय चालू आहे का, हे पाहावे.

१४. जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूरही असाच इंग्रजी अक्षरांत दिसतो. तोही शोधून बदलता येईल का?

यंत्रणा तीच आहे, उपाय मात्र तो नाही. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये देवनागरीचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात आणि ते दिसण्याच्या क्रमाने साठवले जातात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते, तर युनिकोडमध्ये ती नंतर यावी लागते. एकास एक बदल केला तर शब्द मोडतात. वाचण्यापुरता मूळ फॉन्ट इन्स्टॉल करावा, आणि कायमचा बदल त्या फॉन्टसाठीच बनवलेल्या रूपांतरकाने करावा.

१५. पीडीएफमध्ये तर फॉन्ट आतच असतात ना? मग एका पीडीएफमधील चिन्हे वेगळी का दिसतात?

बहुतेक पीडीएफमध्ये असतात, पण तशी सक्ती नाही. पीडीएफच्या जुन्या नियमांत चौदा प्रमाण फॉन्ट ठरलेले होते आणि वाचणाऱ्या प्रोग्रॅमकडे ते असणारच, असे गृहीत धरलेले होते. सिम्बॉल आणि झाफ डिंगबॅट्स हे त्या चौदांपैकीच. त्यामुळे जुन्या पीडीएफमध्ये इतर सर्व फॉन्ट आत असूनही नेमके चिन्हांचेच फॉन्ट नसतात, आणि वाचक प्रोग्रॅम आपल्याकडचा पर्याय वापरतो. जतन करण्यासाठी नवी पीडीएफ बनवताना पीडीएफ/ए हे स्वरूप निवडावे. त्यात प्रत्येक फॉन्ट आत असण्याची सक्ती आहे.

वर्डची फाइलच द्यायची असेल तर फाइल, ऑप्शन्स, सेव्ह येथे फॉन्ट फाइलमध्ये बसवण्याचा पर्याय आहे. त्याच्याच खाली ‘नेहमीचे सिस्टिम फॉन्ट बसवू नयेत’ अशी चौकट असते. समोरचा संगणक वेगळ्या प्रणालीचा असेल तर ती खूण काढावी. फॉन्टच्या निर्मात्याने बसवण्याची परवानगी दिलेली नसेल, तर वर्ड तो फॉन्ट वगळतो.

१६. जुना चिन्हफॉन्ट सापडला, पण तो ‘पीएफबी’ आणि ‘पीएफएम’ अशा दोन फायलींत आहे. तो चालत का नाही?

तो पोस्टस्क्रिप्ट टाइप १ या जुन्या प्रकारचा फॉन्ट आहे. विंडोजवरील ऑफिसने २०१३ च्या आवृत्तीपासून, लिबरऑफिसने ५.३ पासून आणि अ‍ॅडोबीने जानेवारी २०२३ पासून या प्रकाराला दिलेला आधार काढून घेतला. त्यामुळे जुन्या संगणकावर जुन्याच आवृत्तीत तो वर्षानुवर्षे बिनतक्रार चालत राहतो आणि संगणक बदलताच एका दिवसात निकामी ठरतो. निर्मात्याकडे त्याच फॉन्टची ओपनटाइप या नव्या प्रकारातील आवृत्ती मिळते का, हे आधी पाहावे. मिळत नसेल आणि परवान्यात मुभा असेल, तर फॉन्टफोर्ज या मोफत प्रोग्रॅमने रूपांतर करता येते. मात्र अशा फॉन्टमध्ये चिन्हांच्या जागा निर्मात्याने स्वतःच्या सोयीने ठरवलेल्या असतात आणि रूपांतरात त्या हलू शकतात. म्हणून रूपांतरित फॉन्टमध्ये सर्व चिन्हांचा एक तक्ता छापून घ्यावा, जुन्या छापील प्रतीशी किंवा जुन्या पीडीएफशी तो ताडून पाहावा, आणि जागा जुळल्या तरच तो फॉन्ट मूळ फायलींवर वापरावा.